घरच्या खोलीत सन रेकॉर्ड्ससारखा स्लॅपबॅक कसा मिळवावा

सुरुवातीच्या रॉक अँड रोलचा आवाज हवा असेल, तर 'रिव्हर्ब वाढवा' हा सल्ला आधी डोक्यातून काढून टाका. रिव्हर्ब म्हणजे खोलीचा लांबत, विरत जाणारा घुमारा. अमेरिकेत मेम्फिसमध्ये ७०६ युनियन ॲव्हेन्यूवरच्या छोट्याशा स्टुडिओत सन रेकॉर्ड्सचा मालक सॅम फिलिप्स वेगळंच काही करत होता. शब्द उमटला की पाठोपाठ त्याचा एकच पडसाद यायचा आणि तिथेच संपायचा. यालाच स्लॅपबॅक म्हणतात. नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीए या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने सनकडून गायक एल्विस प्रेस्लीचा करार ३५ हजार डॉलरला विकत घेतला, पण ही युक्ती त्या करारासोबत गेली नाही. जानेवारी १९५६ मध्ये नॅशव्हिलला 'हार्टब्रेक हॉटेल' करताना त्यांनी इमारतीतल्या हॉलवेचा घुमारा वापरला. ते गाणं आणि सनवरचं कुठलंही एल्विसचं गाणं लागोपाठ ऐका, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

माणसं तीन पुरेत: अकूस्टिक गिटार घेतलेला गायक, इलेक्ट्रिक गिटार आणि डबल बास (उभा धरून वाजवायचा मोठा बास). ५ जुलै १९५४ रोजी सनमध्ये 'दॅट्स ऑल राइट' रेकॉर्ड झालं तेव्हा एल्विस, इलेक्ट्रिक गिटारवर स्कॉटी मूर आणि बासवर बिल ब्लॅक एवढेच होते, ड्रमर नव्हता. ब्लॅक तार ओढून लाकडी पट्टीवर आपटायचा, त्या 'टक्'वरच ताल चालायचा. डबल बास मिळाला नाही तर बास गिटारच्या ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवा आणि अकूस्टिक गिटारच्या तारांमध्ये कागदाची घडी अडकवा. गायक जॉनी कॅश सनमध्ये गिटारला असाच कागद लावायचा, कारण त्याच्याकडेही ड्रमर नव्हता. कागदामुळे गिटार स्नेअर ड्रमसारखी खसखसते.

खोलीत गाद्या-पडदे, पंखा बंद, सगळे एकत्र, हेडफोन कुणालाच नाही.

आता खरं काम. याच टप्प्याने मला सगळ्यात जास्त छळलंय, म्हणून सावकाश सांगतो.

फिलिप्सकडे अँपेक्सची दोन टेप यंत्रं होती. एकावर गाणं रेकॉर्ड व्हायचं. आवाज दुसऱ्या यंत्रावरही जायचा. तिथे टेप आधी आवाज उतरवणाऱ्या रेकॉर्ड हेडवरून आणि क्षणभराने तो वाजवणाऱ्या प्लेबॅक हेडवरून सरकते, म्हणून तिथून निघालेला आवाज उशिरा येतो. तोच फिलिप्स मूळ आवाजात परत मिसळायचा. टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल आणि दोन हेडमध्ये दोनेक इंच अंतर असेल, तर हा उशीर साधारण १३३ मिलिसेकंद होतो. तुमच्या सॉफ्टवेअरमधला साधा डिले, म्हणजे आवाज उशिरा परत देणारा इफेक्ट, १३० ते १४० मिलिसेकंदांच्या मध्ये ठेवा. फीडबॅक, म्हणजे पडसादाचाही पडसाद, शून्य. डावी-उजवीकडे उड्या मारणारा स्टिरिओ डिले अजिबात नको, पडसाद मूळ आवाजाच्याच जागी, मधोमध हवा. पडसादातला चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचा भाग कापा आणि दीडशेच्या खालचाही. मग माइकसमोर जिभेने 'टक्' करा. 'टक्-टक्' ऐकू यायला हवं, दुसरा जरा मऊ. तिसरा आला तर फीडबॅक कुठेतरी उरलाय.

इथे एक वाईट सल्ला हमखास मिळतो: डिले गाण्याच्या लयीला जुळवा. जुळवू नका. फिलिप्सच्या टेपचा वेग गाण्यागणिक बदलत नव्हता. मिनिटाला २०० ठोक्यांचं गाणं घ्या. एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत ३०० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा ठोका १५० वर. डिले १५० ला बसवलात तर पडसाद नेमका गिटारच्या फटकाऱ्याखाली जातो आणि ऐकूच येत नाही. मग माणूस त्याचा आवाज वाढवतो आणि सगळं गढूळ होतं. १३३ वर तो फटकाऱ्याच्या किंचित आधी येतो, त्यामुळे सुटा ऐकू येतो आणि गाण्याला पुढे रेटतो. ती घाई तिथूनच येते.

दुसरी अडचण याहून चिवट आहे. गायकाच्या माइकमध्ये बासचा 'टक्' शिरतो आणि त्याचाही पडसाद उमटतो. थोडा असेल तर छान, ड्रम असल्याचा भास होतो. जास्त झाला की ताल अडखळतो, आणि हे नंतर कुठल्याही प्लगइनने सुटत नाही. उपाय फक्त जागेचा आहे. माइकची बहिरी बाजू बासकडे करा. रिबन माइक पुढून-मागून ऐकतो आणि बाजूंना बहिरा असतो, तेव्हा बासवाला गायकाच्या काटकोनात उभा राहील. कार्डिऑइड माइक मागून बहिरा असतो, तेव्हा बासवाला माइकच्या पाठीमागे, म्हणजे गायकाच्या समोर. बास वाजत असताना गायकाने गप्प उभं राहावं आणि तुम्ही फक्त पडसाद ऐकावा. 'टक्' जेमतेम जाणवेल इतपत बासवाल्याला वीत-वीतभर सरकवत राहा. याला अर्धा दिवस लागला तरी लागू द्या.

गाण्याची पद्धतही बदलावी लागते. भावगीतं गाणारा गळा सूर धरून ठेवतो, मींड घेतो. अशा लांब सुराखाली पडसाद बुडून जातो. इथे शब्द तोडून, ओळ आखूड करून गायला हवं, म्हणजे मधल्या मोकळ्या जागेत पडसादाला वाव मिळतो. गायकाला टेक झाल्यावर स्पीकरवर ऐकवा. गाताना पडसाद ऐकू आला की गायक त्या पडसादासाठी थांबू लागतो आणि लय पडते.

पडसाद रेकॉर्डिंगमध्येच उतरवा, 'नंतर बघू' म्हणून वेगळा ठेवू नका. वाजवणारा पुढच्या टेकला काय बदलायचं ते पडसादासकट ऐकूनच ठरवतो. आवाजाचा समतोलही माणसं पुढे-मागे सरकवूनच साधा.

मधल्या वेळेत रेकॉर्डिंग बंद करू नका. १९५४ च्या त्या रात्री ठरवलेली गाणी जमत नव्हती. विश्रांतीत एल्विसने गंमत म्हणून ब्लूज गायक आर्थर क्रुडपचं 'दॅट्स ऑल राइट' सुरू केलं, बाकी दोघे त्यात शिरले, आणि फिलिप्सने आतून विचारलं की हे काय चाललंय. त्याने त्यांना तेच पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावलं. तुमच्या हार्डडिस्कवर जागा भरपूर आहे, तो पहिला झटकाच पकडा.

शेवटी मोनो फाइल काढा आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. पडसाद तिथेही सुटा ऐकू येत असेल तर फाइल बंद करा. येत नसेल तर आवाज वाढवण्याआधी डिले पाच मिलिसेकंदांनी पुढे-मागे करून पुढचा टेक घ्या.