लोकर कातरताना कातडी कापली जायची, त्यावर उपाय

आमच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर आम्ही वर्षातून दोनदा कातरतो, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास. दिवाळीची कातरण त्रासाची. लोकरीत कुसळं अन् गोखरू रुतलेले असतात, त्यामुळे कातर अडायची आणि जांघेतली सैल कातडी हमखास कापली जायची. जखमेवर माशी बसली की अळ्या पडल्याच म्हणून समजा.

आता आदल्या दिवशी सकाळीच ओढ्यावर मेंढ्या धुतो आणि उन्हात पार वाळू देतो. ओली लोकर कातरून ठेवली तर कुजते. खरी युक्ती डाव्या हाताची: कातडी ताणून धरायची, पातं अंगालगत सपाट चालवायचं. सडांजवळ घाई करत नाही. तरी ओरखडा आलाच, तर कडुलिंबाचं तेल लावतो. दिवस भरत आलेल्या गाभण मेंढीला मात्र आडवं पाडतच नाही. तिचं व्याल्यावर बघू. काळी लोकर वेगळी बांधतो, घोंगडीवाले तीच आधी मागतात.