लाकडी कुंपणाला कोणता स्टेन (लाकडात मुरणारं संरक्षक द्रावण) लावावा?
नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्यामुळे बिनरंगी स्टेन घेऊच नका. ऊन अडवतात ते स्टेनमधले रंगकणच. अर्धपारदर्शक, तेलावर आधारित तपकिरी स्टेन घ्या. वार्निश नको, त्याचा थर उन्हाने तडकतो, पावसाचं पाणी आत शिरतं आणि पापुद्रे सुटतात.

पावसाळा सरून लाकूड पूर्ण वाळलं की, नोव्हेंबरात काम काढा. पाण्याचे थेंब टाकून बघा: मुरले तर ठीक, नाहीतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. सकाळीच पातळ हात द्या. १५ मिनिटांनी वर राहिलेला स्टेन फडक्याने टिपा, नाहीतर चिकटपणा जात नाही. फळ्यांची कापलेली टोकं सर्वांत जास्त पाणी पितात. तिथे दोन-तीन हात हवेतच.

तेलकट फडकी गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटू शकतात. बाहेर पसरून वाळवा.