श्वासाकडे नेण्याआधी: विपश्यनेतून समुपदेशनाकडे येणाऱ्यांसाठी

विपश्यनेची शिबिरे केलेली, मानसशास्त्रात एम.ए. झालेली आणि आता या दोहोंची सांगड घालून लोकांना मदत करावी असे वाटणारी मंडळी मला अधूनमधून भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा प्रमाणपत्राविषयी असतो, म्हणून त्याचे उत्तर आधीच देऊन टाकते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी यांना पर्याय नाही. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत मिळणारे ‘माइंडफुलनेस कोच’चे, म्हणजे सजगता शिकवणाऱ्याचे, प्रमाणपत्र ही जागा घेऊ शकत नाही, आणि दहा दिवसांची शिबिरे कितीही केली तरी तीही घेऊ शकत नाहीत. असली प्रमाणपत्रे विकणाऱ्यांविषयी माझे मत फार वाईट आहे, ते इथे लपवत बसत नाही.

ध्यान आणि मानसोपचार यांचे नाते तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेच असेल. तरी एक धागा आपल्या अगदी जवळून जातो, तो लक्षात असू द्यावा. ब्रह्मदेशातील सयाजी उ बा खिन यांच्याकडून साधना शिकून सत्यनारायण गोएंका 1969 साली भारतात आले आणि 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे भरू लागली. त्याच ब्रह्मी परंपरेतील, डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहत जाण्याची पद्धत जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या ताणनिवारण कार्यक्रमात ‘बॉडी स्कॅन’ या रूपाने पोहोचली. त्यामुळे इगतपुरीहून आलेल्या माणसाला आठ आठवड्यांचा तो अभ्यासक्रम वाचताना घरी आल्यासारखे वाटते. गडबड नेमकी या ओळखीतूनच सुरू होते, कारण साधना सारखी दिसली तरी तिच्याभोवतीची मांडणी अगदी निराळी आहे.

शिबिरात आर्य मौन, म्हणजे आपसात न बोलण्याचा नियम, असतो. साहाय्यक आचार्यांना प्रश्न विचारता येतो, परंतु तो साधनेविषयी असावा अशी अपेक्षा असते. मनात सासूविषयी, नोकरीविषयी किंवा जुन्या अपमानाविषयी काय चालले आहे, याची चर्चा तिथे होत नाही. संवेदना पाहा, ती अनित्य आहे, समता (मनाचा समतोल) ठेवा, एवढाच निरोप पुन्हा पुन्हा मिळतो. त्या चौकटीत हे पूर्णपणे योग्य आहे, कारण ती चौकट उपचाराची नाहीच. विपश्यना ही वैद्यकीय अथवा मानसोपचाराला पर्याय नाही, आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिर करू नये, असे शिबिराच्या नियमावलीतच लिहिलेले असते. अर्ज भरताना आपण ते वाचतो आणि पुढे विसरून जातो.

आता ज्या खड्ड्यात मी बराच काळ होते आणि ज्यात तुम्हीही पडण्याची दाट शक्यता आहे, त्याविषयी थोडे सविस्तर सांगते. समोरची व्यक्ती रडू लागली, आवाज चढवू लागली किंवा एकाएकी गप्प झाली, की साधकाच्या तोंडी आपोआप एक वाक्य येते: ‘जरा श्वासाकडे लक्ष द्या.’ वाक्य निरुपद्रवी दिसते. त्या व्यक्तीचे हुंदके थोडे ओसरतात, खोली शांत होते, आणि सत्र चांगले झाले असे दोघांनाही वाटते. प्रत्यक्षात त्या क्षणी ती जे सांगायला आली होती, ते सांगण्याची तिची वाट आपण बंद केलेली असते. कथेत शिरायचे नाही हा ध्यानकक्षातला नियम आपण सल्ल्याच्या खोलीत आणलेला असतो, आणि तिथे तो नियम उलटा आहे: कथेत शिरायचेच असते, तपशील विचारायचा असतो, ‘त्यानंतर काय झाले?’ असे म्हणत थांबायचे असते. आपण श्वासाचा आधार समोरच्यासाठी पुढे केला की स्वतःला सोसवेना म्हणून, हे तपासायची एकच खात्रीची जागा मला माहीत आहे, ती म्हणजे परवानगीने ध्वनिमुद्रित केलेले सत्र सुपरव्हायझरपुढे, म्हणजे आपले काम तपासणाऱ्या अनुभवी समुपदेशकापुढे, बसून ऐकणे. ते ऐकताना संकोचाने जीव अर्धा होतो. तरीही ऐका.

ही सवय केवळ संवाद तोडते असे नाही, ती अपायही करू शकते. तीव्र नैराश्यात असलेल्या माणसाला पाऊण तास शांत बसायला सांगितले, तर तो पाऊण तास स्वतःला दोष देत बसण्याची शक्यता अधिक असते, कारण रवंथ करणे, म्हणजे तेच ते विचार घोळवत राहणे, हे त्याच्या आजाराचेच लक्षण आहे. लैंगिक अत्याचार किंवा मारहाण सोसलेल्या व्यक्तीला डोळे मिटून शरीरभर लक्ष फिरवायला लावले, तर ज्या अवयवांपासून मनाने मोठ्या कष्टाने अंतर राखले होते, तिथेच ती एकदम फेकली जाते. छाती भरून येणे, सुन्न होणे, आपण इथे नाहीच असे वाटणे, या गोष्टी सजगतेची प्रगती म्हणून खपवू नयेत. आणि ज्याला कार्यालयात जातीवरून टोमणे ऐकावे लागतात, त्याला ‘अपमानाची संवेदना तटस्थपणे पाहा’ असे सांगणे हा मी क्रूरपणा समजते. बाबासाहेबांनी धम्माची मांडणी करताना माणसाने माणसावर लादलेल्या दुःखाला केंद्रस्थानी ठेवले, हे महाराष्ट्रात काम करणाऱ्या समुपदेशकाला तरी सांगावे लागू नये. अशा माणसाला समतेच्या आधी तक्रार कुठे करायची, बाजूने कोण उभे राहील, याची चर्चा हवी असते.

‘मग बुद्धाने श्वास शिकवला तो चुकीचा का?’ असे मला रागाने विचारले गेले आहे. उत्तर परंपरेतच आहे. विशुद्धिमार्ग या जुन्या बौद्ध ग्रंथात ध्यानाचे चाळीस विषय दिले आहेत आणि रागचरित (आसक्तीकडे झुकणारा), द्वेषचरित, मोहचरित (गोंधळलेला), श्रद्धाचरित, बुद्धिचरित, वितर्कचरित (विचारांत भरकटणारा) अशा सहा स्वभावांपैकी कोणाला कोणता विषय द्यावा याचा विचार केला आहे. आनापान, म्हणजे श्वास पाहण्याची साधना, तिथे मोहचरित आणि वितर्कचरित माणसांसाठी सांगितली आहे, सर्वांसाठी सरसकट नाही. याच ग्रंथाच्या संपादनासाठी गोव्याचे धर्मानंद कोसंबी हार्वर्डला गेले होते, आणि त्यांचे बौद्ध धर्मावरील मराठी लेखन आपल्याला उपलब्ध असताना आपण चाळीस मिनिटांच्या इंग्रजी व्हिडिओंवर का विसंबतो, हे मला कळत नाही. मज्झिमनिकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहातील वितक्कसण्ठान सुत्त तर आपल्या व्यवसायासाठीच सांगितल्यासारखे आहे. त्रासदायक विचार आला तर त्याच्या जागी दुसरा कुशल विचार आणावा, त्याचे दुष्परिणाम पाहावेत, त्याच्याकडे लक्ष देऊ नये, त्याचे मूळ शोधत तो शांत करावा, आणि काहीच चालले नाही तर दातावर दात आवळून मनानेच मनाला दाबावे, असे पाच उपाय तिथे क्रमाने येतात. श्रीलंकेचे मानसशास्त्रज्ञ पद्मल डी सिल्व्हा यांनी या उपायांचे वर्तनोपचारातील तंत्रांशी असलेले साम्य 1980 च्या दशकातच दाखवून दिले होते. एक उपाय लागू पडला नाही तर दुसरा घ्यावा, ही वृत्ती त्या सुत्तात आहे. ‘श्वास पाहा’ एवढेच सांगणाऱ्याच्या अंगी ती नसते.

संशोधनाविषयी बोलताना हात आखडता ठेवा. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी सजगतेवर आधारित बोधात्मक उपचारपद्धती घडवली ती नैराश्यातून बाहेर आलेल्या, पण ते पुन्हा उलटण्याचा धोका असलेल्या लोकांसाठी. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ज्यांना नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेले होते, त्यांच्यात ते उलटण्याचे प्रमाण 66 टक्क्यांवरून 37 टक्क्यांवर आले. दोनच झटके आलेल्यांना मात्र असा फायदा दिसला नाही. 2022 साली चिंताविकार असलेल्या 276 प्रौढांवरील चाचणीत आठ आठवड्यांचा ताणनिवारण कार्यक्रम एस्सिटॅलोप्रॅम या औषधापेक्षा कमी ठरला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवरील मोठ्या चाचणीत शाळेतल्या सजगतेच्या तासांचा नेहमीच्या शिकवणीपेक्षा अधिक लाभ आढळला नाही. यातली फक्त औषधाशी तुलना करणारी चाचणी लक्षात ठेवून औषधे बंद करायला सांगणारे लोक आपल्याच क्षेत्रात आहेत. त्यांच्यापासून दूर राहा. औषध सुरू करणे किंवा थांबवणे हे काम मानसोपचारतज्ज्ञाचे आहे.

इतके ऐकल्यावर अनेकांचा चेहरा पडतो, आणि आपली इतक्या वर्षांची साधना वाया गेली का असे ते विचारतात. मुळीच नाही. अधिष्ठानात तासभर न हलता बसलेल्या माणसाला समोरच्याच्या रडण्यात उत्तर न शोधता बसून राहणे जमू शकते, आणि हे कौशल्य कोणत्याही एम.ए.च्या वर्गात शिकवले जात नाही. तुमची साधना आधी तुमच्या कामी येऊ द्या. समोरच्याला ती द्यायची की नाही हा पुढचा प्रश्न आहे. स्वतः आठ आठवड्यांच्या कार्यक्रमात सहभागी म्हणून बसा, स्वतःचे समुपदेशन घ्या, आणि सुपरव्हायझर निवडताना तुमच्याशी असहमत होणारी व्यक्ती निवडा. ज्यांच्यापुढे शिष्य वाकून बसतात अशा मार्गदर्शकांकडे सत्रातली चूक उघडपणे मांडता येत नाही, मग ते कितीही करुणामय असोत. सुपरव्हिजनचे शुल्क सुरुवातीच्या कमाईत जड जाते, ते मलाही गेले. काही ठिकाणी गटात सुपरव्हिजन मिळते आणि ते बरेच स्वस्त पडते, तेव्हा आधी त्याची चौकशी करा.

आणि ध्यान द्यायचेच ठरले, तर आधी विचारून घ्या: पूर्वी आघात झाला आहे का, भास किंवा उन्मादाचा इतिहास आहे का, सध्या आत्महत्येचे विचार येतात का, झोप किती लागते, कोणती औषधे चालू आहेत. यांपैकी कशाचेही उत्तर चिंताजनक असेल, तर ध्यान बाजूला ठेवून सुपरव्हायझरशी आणि मानसोपचारतज्ज्ञाशी बोला. उत्तरे ठीक असली तरी सुरुवात तीन-चार मिनिटांची, डोळे उघडे ठेवून, तळपायांच्या जमिनीला होणाऱ्या स्पर्शावर किंवा बाहेरच्या आवाजांवर करावी, नको वाटले तर थांबण्याची मुभा आधीच द्यावी, आणि संपल्यावर काय जाणवले ते विचारून पूर्ण ऐकून घ्यावे. ‘काहीच जाणवले नाही, कंटाळा आला’ असे उत्तर आले, तर तेही लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तिथूनच बोलणे सुरू करा.