पार्किन्सन्सच्या ट्रायलला जाताना
आधी सीटीआरआयच्या (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या, म्हणजे माणसांवरच्या उपचार-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या) संकेतस्थळावर ट्रायलचा नोंदणी क्रमांक शोधा. 15 जून 2009 पासून ही नोंदणी सक्तीची आहे. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन सावकाश वाचा, सहीनंतर एक प्रत स्वतःकडे ठेवा. ट्रायल मध्येच सोडायचा हक्क तुमचा असतो.

खरी मेहनत ट्रायलसाठी घरी भरायच्या लक्षणांच्या डायरीची. दर अर्ध्या तासाला एक रकाना, दिवसाचे 48: झोप, ऑफ (पार्किन्सन्सच्या गोळीचा असर उतरलेला), किंवा ऑन (असर चढलेला). ऑनमध्येही वळवळ नाही, आहे पण त्रास नाही, आणि त्रासदायक, असे तीन भाग. घोळ इथेच होतो. हात स्वस्थ असताना ठरावीक लयीत होते ती थरथर. गोळीचा असर चढल्यावर अंग नाचल्यासारखं हलतं ती वळवळ. दोन्हींची गल्लत झाली की ऑनचा वेळ ऑफमध्ये मोजला जातो. रात्री आठवून रकाने भरू नका, मोबाइलचा गजर लावा.

ऑफ तपासणीआधी बहुधा 12 तास लेव्होडोपा (पार्किन्सन्सची नेहमीची गोळी) थांबवतात, पण डॉक्टरांनी सांगितलं तरच. त्या सकाळी कल्याणहून परळला गर्दीच्या लोकलने मुळीच येऊ नका. पाय फलाटावरच खिळतात. टॅक्सी करा, प्रवासखर्चाचं आधीच विचारा. सोबत घरचं माणूस आणि खिशात सकाळची गोळी हवीच.