वितळलेल्या क्षारात उष्णता साठवताना या चुका टाळा

सूर्य मावळल्यावरही टर्बाइन फिरत राहावं म्हणून सौर औष्णिक प्रकल्पात दिवसाची उष्णता वितळलेल्या क्षारात साठवतात. 60 टक्के सोडियम नायट्रेट आणि 40 टक्के पोटॅशियम नायट्रेट, हे नेहमीचं मिश्रण. ते 240 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठायला लागतं आणि 600 च्या जवळ त्याचं विघटन होतं, म्हणून गरम टाकी 565 वर थांबवतात. या मर्यादा पहिल्याच दिवशी सगळ्यांना पाठ होतात आणि नुकसान तरीही थांबत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पडद्यावरचा तापमानाचा आकडा म्हणजेच पाइपाचं तापमान, असं धरून चालणं. एका प्रकल्पात दुरुस्तीनंतर एका व्हॉल्व्हवरचं इन्सुलेशन परत नीट बसवलं नव्हतं. तिथला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, हीट ट्रेसिंगच्या (पाइप बाहेरून गरम ठेवणाऱ्या) केबलला खेटून बांधलेला, त्यामुळे नियंत्रण कक्षात 290 अंश दिसत होते. क्षार सोडला आणि तो व्हॉल्व्हमध्येच गोठला. इथवर फार बिघडलं नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत लाइन सुरू करायचीच या हट्टापायी कुणीतरी बर्नर घेऊन गोठलेल्या भागाच्या बरोबर मधोमध तापवायला लागलं. वितळताना क्षाराचं आकारमान वाढतं. दोन्ही बाजूंना घट्ट बूच, मधल्या द्रवाला जायला जागा नाही, त्यामुळे पाइप उभा चिरला. माणसं लांब होती म्हणून वाचली.

गोठलेली लाइन नेहमी मोकळ्या टोकाकडून, एकेक टप्पा वितळवत आत जायचं. वेळ लागतो, लागू द्यावा. थर्मोकपल मी केबलच्या विरुद्ध बाजूला बांधून घेतो. व्हॉल्व्ह आणि आधारांपाशी धातू जास्त असतो आणि उष्णता तिथूनच निसटते, म्हणून तिथे ट्रेसिंगचं वेगळं सर्किट आणि वेगळा थर्मोकपल. क्षार सोडण्याआधी सरासरी कुणी सांगितली तर मी ऐकत नाही, सगळ्यात थंड जागेचा आकडा मागतो. पाइपांना उतार द्या, म्हणजे पंप थांबला की लाइन आपोआप टाकीत रिकामी होते. सपाट लाइन पुढे कितीही केबल गुंडाळली तरी त्रासच देते.

दुसरी चूक कागदावरची. एक टन क्षार किती उष्णता साठवेल, हे त्याच्या कमाल तापमानावर ठरत नाही, गरम आणि थंड टाकीतल्या फरकावर ठरतं. टॉवरच्या प्रकल्पात, जिथे आरसे ऊन मनोऱ्यावर टाकून क्षार थेट तापवतात, 290 ते 565, म्हणजे 275 अंश. टनामागे सुमारे 115 किलोवॅट-तास उष्णता. पॅराबोलिक, म्हणजे पन्हळीसारख्या वाकवलेल्या आरशांच्या प्रकल्पात ऊन आधी तेल तापवतं आणि तेल क्षाराला; हे मधलं तेल 400 च्या वर टिकत नाही, त्यामुळे फरक शंभरच्या आतच राहतो आणि क्षार जवळपास तिप्पट लागतो. स्पेनमधल्या अंदासोल प्रकल्पात 50 मेगावॅट साडेसात तास चालवायला 28,500 टन क्षार आहे तो यामुळेच. टॉवरचा आकडा उचलून पॅराबोलिक प्रकल्पाला लावणारे नवखे दरवेळी भेटतात. त्यातून हा उष्णतेचा हिशेब आहे. वीज त्याच्या चाळीस टक्क्यांच्या आसपासच मिळते.

टाकी झटपट तापवू नका. तळाचा पत्रा असमान तापला की ताणला जातो आणि वेल्डपाशी चिरतो. अमेरिकेतल्या क्रेसेंट ड्यून्समध्ये 2016 साली गरम टाकीला गळती लागली आणि प्रकल्प कित्येक महिने बंद पडला. टाकीखालच्या पायाचं तापमानही रोज बघा.

स्वस्तातला क्षार घेताना क्लोराइडचं प्रमाण तपासा, ते पोलादाला गंज लावतं. मॅग्नेशियमची अशुद्धी असेल तर पहिल्या वितळवणीत नायट्रोजन ऑक्साइडचे विषारी वायू निघतात. टाकीचे वायुमार्ग त्या हिशेबानेच ठेवा.

गळालेल्या गरम क्षारावर पाणी मारू नका. क्षणात वाफ होऊन क्षार चौफेर उडतो. जागा मोकळी करा आणि तो गोठेपर्यंत थांबा.