कुटुंबासाठी मेटल डिटेक्टरचा छंद: पुणे परिसरात सुरुवात कशी करावी

पुण्यात एखाद्या घरात मेटल डिटेक्टर आला की पहिला विचार बहुधा गडाचा होतो. सिंहगड, लोहगड, राजगड सुट्टीच्या दिवशी सहज गाठता येतात आणि तेथील मातीत काहीतरी असणारच, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे यंत्र जेथे कधीही नेऊ नये अशा जागांत गड सर्वांत आधी येतात आणि मुलांच्या हाती यंत्र देण्यापूर्वी त्यांना ही गोष्ट कारणासह सांगितली पाहिजे. लोहगड, विसापूर आणि शिवनेरी, तसेच कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत, तर राजगड राज्य शासनाच्या. संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय खणणे हा गुन्हा आहे. मला कायद्यापेक्षाही महत्त्वाचे वाटते ते असे, की जुनी वस्तू जमिनीतून उपटली की तिच्याविषयीची निम्म्याहून अधिक माहिती तेथेच नष्ट होते. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण युगातील शेतकऱ्यांची घरे, धान्य साठवण्याच्या जागा आणि दफनविधी यांची जी माहिती मिळाली, ती कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणत्या खापरांशेजारी होती, याच्या नोंदींतून मिळाली. तीच खापरे कोणी आधी वेचून घरी नेली असती तर ती केवळ खापरेच राहिली असती.

गडांखेरीज टेकड्यांवरील वनखात्याची जमीन, महापालिकेच्या बागा आणि खडकी, देहूरोड, लोहगाव या भागांतील लष्करी हद्द या जागाही सोडून द्याव्यात. लष्करी हद्दीजवळ प्रश्न केवळ परवानगीचा नाही, जिवाचाही आहे. कोठेही तोफगोळ्यासारखी किंवा काडतुसासारखी वस्तू दिसली तर तिला स्पर्श न करता सर्वांनी लांब व्हावे आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. सोसायटीच्या आवारातही खणू नये, कारण वीजवाहिन्या आणि गॅसच्या नळ्या पुष्कळदा फार खोल नसतात.

मग उरते ती स्वतःची किंवा नात्यातील माणसांची जमीन, आणि सुरुवातीला ती पुरेशी असते. मुळशी, मावळ, भोर, पुरंदर किंवा शिरूर भागात मामाचे, आत्याचे, आजोळचे शेत अनेक पुणेकरांचे असते. सातबाऱ्यावर अनेक नावे असतील तर एकाच काकांची संमती घेऊन भागत नाही. सर्व हिस्सेदारांना आधी सांगावे आणि जमेल तर परवानगी लेखी घ्यावी. गावातील पोलीस पाटील आणि शेजारचे शेतकरी यांनाही पूर्वकल्पना द्यावी. आपल्याकडे शेतात यंत्र घेऊन फिरणारी अनोळखी माणसे दिसली की गुप्तधनाची चर्चा सुरू होते, आणि गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार घडलेले असल्यामुळेच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यांचा समावेश करावा लागला. दिवसाढवळ्या, मुलाबाळांसह, शेताच्या मालकाला सोबत घेऊन काम केले तर संशयाला जागा राहत नाही. रात्री हे यंत्र मुळीच बाहेर काढू नये.

यंत्र निवडताना पुण्याच्या जमिनीचा विचार प्रथम करावा. यंत्राच्या गोल कॉइलमधून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, त्यामुळे धातूत विद्युतप्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात, आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र यंत्र टिपते. आपला दख्खनचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट असून त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते. त्यापासून तयार झालेल्या मातीलाही यंत्र प्रतिसाद देते आणि काही नसताना आवाज करत राहते. म्हणून ज्या यंत्रात ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा हा प्रतिसाद वगळण्याची जुळणी, हाताने किंवा आपोआप करता येते तेच घ्यावे. कारखान्यातच कायमचा ठरवून दिलेला ग्राउंड बॅलन्स असलेली स्वस्त यंत्रे आपल्याकडे लवकर कंटाळा आणतात. डबल-डी प्रकारची, म्हणजे आत D आकाराची दोन वेटोळी असलेली, कॉइल अशा जमिनीत अधिक उपयोगी ठरते. खेळण्यातील डिटेक्टर मुलांसाठी घेऊ नये, कारण वरवर पडलेल्या वस्तूंपलीकडे त्याला काही कळत नाही आणि मुलाची उमेद मोडते. त्याऐवजी दांड्याची लांबी कमी करता येणारे हलके यंत्र घ्यावे, म्हणजे घरातील सर्वांना ते वापरता येते. सोबत हेडफोन, खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा लहान पिनपॉइंटर, जाड हातमोजे, गोणपाटाचा तुकडा आणि मजबूत खुरपे असावे. खुरपे बोहरी आळीत चांगले मिळते, आणि या कामासाठी ते महागड्या परदेशी खुरप्यापेक्षा कमी पडत नाही.

यंत्र आल्यावर थेट शोधायला निघू नये. पहिले काही आठवडे सरावाच्या वाफ्यासाठी द्यावेत. या छंदातील सर्वांत जास्त शिक्षण तेथेच होते, असे माझे ठाम मत आहे. शेताच्या एका कोपऱ्यात, आधी यंत्राने तपासून स्वच्छ केलेल्या जागी, मुलांनी स्वतःच्या हाताने वस्तू पुराव्यात: चलनातून गेलेले अ‍ॅल्युमिनियमचे दहा पैशांचे नाणे, तांब्याचा तुकडा, पितळी घुंगरू, सध्याचे एक रुपयाचे नाणे, लोखंडी खिळा, सोड्याच्या बाटलीचे बूच आणि औषधाच्या गोळ्यांचे पाकीट. अ‍ॅल्युमिनियमची जुनी नाणी बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मिळतात, तांब्याचे कात्रण तांबट आळीत. प्रत्येक वस्तू दुसरीपासून निदान दोन फूट दूर असावी. काही पाच, काही दहा, काही पंधरा सेंटिमीटर खोल असाव्यात आणि त्यांचा नकाशा वहीत काढावा. नंतर नकाशा न पाहता दुसऱ्या भावंडाने शोध घ्यावा.

या वाफ्यात काही गोष्टी लवकर लक्षात येतात. एक रुपयाचे नाणे चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे असल्यामुळे त्याचा आकडा (यंत्र धातूच्या अंदाजासाठी पडद्यावर दाखवते तो) अनेकदा स्थिर राहत नाही, आणि लोखंड वगळण्याची सोय चालू ठेवली तर काही यंत्रे ते गाळूनच टाकतात. तांब्याचा लहानसा तुकडा मात्र स्पष्ट आणि उंच आवाज देतो. सोन्याची अंगठी आणि गोळ्यांचे पाकीट यांचे आकडे बरेचदा जवळपास येतात, त्यामुळे कचरा नको म्हणून खालचे आकडे बंद करणाऱ्याला हरवलेली अंगठी सापडण्याची शक्यता कमी होते. चांदीचे जोडवे आणखी अवघड असते. त्याचे वेढे खुले असल्याने त्यात विद्युतप्रवाहाला पूर्ण फेरी घेता येत नाही आणि आवाज क्षीण येतो. शेतातला एखादा काळा दगडही कॉइलखाली फिरवून पाहावा, म्हणजे दगडाचा आवाज कसा असतो ते कानाला कळते.

प्रत्यक्ष शोधासाठी उत्तम काळ म्हणजे पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस, खरिपाची बाजरी निघाल्यावर आणि रब्बीची पेरणी होण्यापूर्वीचे. माती तेव्हा ओलसर असते आणि खुरपे सहज शिरते. मे महिन्यात काळी जमीन भेगाळून दगडासारखी होते आणि खणताना वस्तूलाही इजा पोहोचते. उभ्या पिकात किंवा पेरलेल्या रानात पाऊल टाकू नये. ग्राउंड बॅलन्स जुळवून घ्यावा, संवेदनशीलता कमाल पातळीच्या थोडी खाली ठेवावी, कॉइल जमिनीला समांतर, दोन-तीन सेंटिमीटर वर धरून सावकाश फिरवावी आणि कॉइलची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी येईल असे चालावे. घाई करणाऱ्याला काही मिळत नाही. आवाज आला की काटकोनात फिरून पुन्हा ऐकावा: दोन्ही दिशांनी तोच आवाज आला तर खणावे, एका बाजूने तुटला तर बहुधा खिळा असतो. नवशिक्यांनी तोही खणून खात्री करावी.

गवताळ जागी तीन बाजूंनी कापून ढेकूळ एका बाजूला उलटावे, सुटी माती गोणपाटावर घ्यावी, वस्तू निघाल्यावर खड्डा पुन्हा तपासावा आणि सर्व माती परत भरून पायाने दाबावी. उघडा राहिलेला लहान खड्डाही बैलाचा किंवा म्हशीचा पाय मुरगळायला पुरेसा असतो. उघडा हात खड्ड्यात किंवा दगडाखाली घालू नये. आपल्या भागात विंचू आणि फुरसे दोन्ही आहेत. धनुर्वाताची लस सर्वांनी वेळेवर घेतलेली असावी.

शेतात सापडते ते बहुतेक साधे असते: बैलाच्या पत्र्या (खुरांना ठोकायचे लोखंडी नाल), त्यांचे खिळे, नांगराचा झिजलेला फाळ, मोडका विळा, पंपाचा नट, क्वचित अ‍ॅल्युमिनियमचे नाणे. या वस्तू टाकून देऊ नयेत. त्या आजोबांपुढे मांडून विचारावे. कोणती पत्री कशी मारत, बैल कोणाचे होते, मोट कधी बंद झाली, हे सांगणारी माणसे अजून घराघरांत आहेत, आणि त्यांचे बोलणे मुलांनी वहीत तारीख, गट क्रमांक आणि खोली यांच्या शेजारी लिहून ठेवावे.

एखादी वस्तू खरोखर जुनी वाटली, उदाहरणार्थ तांब्याची शिवराई (शिवकाळापासूनचे मराठ्यांचे नाणे), चांदीचे नाणे, मूर्तीचा भाग किंवा नाण्यांनी भरलेले मडके, तर तेथेच थांबावे. आणखी खणू नये, जागेचे छायाचित्र घ्यावे आणि वस्तू चिंच-मीठ किंवा लिंबाने घासू नये, कारण त्यामुळे वरचा थर निघून जातो आणि अक्षरे पुसट होतात. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक मूल्याची मौल्यवान वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, अंदाजे मूल्य, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वस्तू आपल्याच शेतात सापडली असली तरीही ही सूचना द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेषांविषयीचा कायदाही लागू होतो, म्हणून त्या कोणाला विकण्याचा विचारही करू नये. तलाठ्यांमार्फत अर्ज दिल्यास पोच घेऊन ती जपून ठेवावी.

शिवराई पाहण्याची मुलांची हौस मात्र पुण्यात रीतसर भागवता येते. सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कार्यरत असून तेथे नाण्यांचा संग्रह आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात उत्खननातील वस्तू पाहता येतात. दोन्ही ठिकाणी आधी वेळ विचारून जावे, आणि शक्यतो पहिल्यांदा शेतात जाण्यापूर्वीच, म्हणजे कोणत्या वस्तूपाशी हात थांबवायचा हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असेल.