लिंबू आणि चुंबक घेऊन पुळणीवर जुना समुद्र कसा शोधायचा

जुना समुद्र म्हणजे पूर्वी पाणी कुठवर होतं त्याच्या खुणा. त्यासाठी अमावास्या नायतर पौर्णिमा गाठा. उधाणाला भरती दुपारी १२ च्या सुमारास म्हणजे ओहोटी सकाळी ६ च्या आसपास, आणि पाणी इतकं आत जातं की एरवी बुडालेली खडपं उघडी पडतात. सोबत चुंबक, लिंबू, जमलं तर भिंग.

सुरुवात रत्नागिरीजवळच्या काळबादेवीसारख्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर करा. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूत फिरवा (उघडा फिरवला तर कण काय सुटत नाहीत, माझा एक असाच फुकट गेलाय). मिशा फुटल्यासारखे जे चिकटतात ते मॅग्नेटाइट (लोखंडाचं खनिज), मागे राहिलेल्या काळ्यात इल्मेनाइट (लोखंड-टायटेनियमचं खनिज) भरपूर. हा सगळा माल सह्याद्रीच्या बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाचा, लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, त्यानंतर सेशेल्सचा तुकडा (आता हिंदी महासागरातली बेटं) आपल्यापासून तुटून गेला, पश्चिमेला कडा तयार झाला आणि कोकणातल्या नद्या आखूड नि उताराच्या राहिल्या, कृष्णा बघा ना, उगम महाबळेश्वरला, पश्चिमेच्या समुद्रापासून फार लांब नाही, आणि निघाली पूर्वेला.

आता शिंपल्यांचा घट्ट झालेला दगड शोधा, त्याला करल म्हणतात. लिंबू पिळा, बारीक फेस आला की चुना आहे. मग शिंपले नीट बघा, दोन्ही झाकणं जोडलेली असतील तर प्राणी तिथंच जगला असणार, सुटे फुटके तुकडे असतील तर लाटेनं आणून टाकलेत. हा थर आजच्या भरतीरेषेच्या वर दिसला की लगेच "समुद्र वर होता" म्हणून मोकळे होऊ नका! शेजारच्या दोन-तीन किनाऱ्यांवर त्याच उंचीला मिळतो का बघा. सगळीकडे सारखा असेल तर समुद्रावर संशय घ्या, एकाच जागी वर आलाय तर जमीन उचलली गेली असेल, नायतर वादळानं ढीग टाकला असेल.

उलटा पुरावा पाण्याखाली आहे. २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्र जवळजवळ १२० मीटर खाली होता, म्हणून बाहेरच्या खोल पाण्यात उथळ समुद्रातली जुनी चुनखडीची वाळू सापडते, आणि किनाऱ्याजवळ मात्र आजचा नद्यांचा चिखल. त्याहून लांब अरबी समुद्राच्या तळाशी असलेल्या लक्ष्मी खोऱ्यात २०१५ ला जहाजावरून ड्रिलिंग केलं तेव्हा सिंधू नदीनं वाहून आणलेला हिमालयाचा गाळ मिळालाच, शिवाय १ कोटीहून जास्त वर्षांपूर्वी आपल्याच बाजूचा उतार कोसळून साचलेला शेकडो मीटर जाड थर मिळाला, त्याला नटराज नाव दिलंय.

करल फोडून घरी आणू नका, फोटो काढा, शेजारी मापाला चप्पल ठेवा. आणि पाणी फिरलं की लगेच निघा, खडपांवर शेवाळ बेक्कार असतं.